चौथ्या गाण्याच्या आधी

प्रिय आनेग्रेट,

सप्टेंबर लागला की कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात आपल्याला प्लमच्या बिया काढायला बसवायचे, आठवतंय? मुलींनी फळं तोंडात टाकू नयेत म्हणून सिस्टर कुनिगुंडेंनी नियमच केला होता: बिया काढताना गायचं. गाणाऱ्या तोंडाला खाता येत नाही, असा त्यांचा हिशोब. तो तू पहिल्याच दिवशी मोडीत काढलास. माझ्या शेजारी बसून तू तालावर चावायचीस. ओठ अगदी शब्दाबरहुकूम उघडायचे, मिटायचे, आणि गालात प्लम. सिस्टर समोरून जाताना कौतुकानं मान डोलवायच्या. मी हसू दाबत दोघींच्या वाटचं गायचे. "लिंडे, जरा मोठ्यानं गं, अजून एक खायचाय," असं तू कुजबुजायचीस. आजही प्लमचा केक ओव्हनमधून काढला की पहिला तुकडा तुझ्या नावानं बाजूला काढते. हात आपोआप तसा वळतो.

इकडची खबर म्हणजे हिवाळ्यात माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जाताना आवाज घेऊन गेली. उरली आहे ती नुसती फुसफूस. बेकरीतली बाई काउंटरवरून ओणवी होऊन ओरडते, "काय म्हणालात, फ्राउ श्टाडलर? जरा मोठ्यानं!" जणू बहिरी मीच आहे. आता बोटानं दाखवून पाव घेते. रविवारी चर्चमध्ये गाण्यांचं पुस्तक उघडून सगळ्यांबरोबर उभी राहते आणि ओठ हलवते. तुझी विद्या शेवटी माझ्याही कामी आली.

बोलणं कमी झालं तसं वाचन वाढलं. आमच्या गावच्या ग्रंथालयाचं कार्ड असलं की मासिकं घरबसल्या टॅबलेटवर डाउनलोड करता येतात. बागकामाची, विणकामाची, आणि आपण सिस्टरांपासून गादीखाली लपवायचो ते नटनट्यांचं मासिकही. त्याच मासिकाच्या ऑक्टोबरच्या अंकात तू भेटलीस. तळ्याकाठच्या तुझ्या बागेत, पांढऱ्या शालीत, हातात आपण कॉन्व्हेंटच्या मुलींनी गायलेल्या नाताळच्या गाण्यांची जुनी रेकॉर्ड. छान दिसतेस हो. कव्हरवरच्या सोळा वर्षांच्या मुलीशेजारी स्वतःचा चेहरा धरायला धीर लागतो. म्युनिकची एक कंपनी तो अल्बम पुन्हा काढते आहे, ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, तोंडावरच्या शुक्रवारपासून जगात कुणालाही डाउनलोड करता येईल, असं त्यात लिहिलं होतं. "तो आवाज माझ्या आयुष्याला मिळालेला आशीर्वाद आहे," असं तू म्हणालीस. तेही मी सोडून दिलं असतं, आजवर सोडतच आले. पण मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, बाकीच्या मुली आठवतात का? त्यावर तू म्हणालीस, "एक होती बिचारी, माझ्यासाठी वहीची पानं उलटायची. नाव काही आठवत नाही."

मी ते पान बोटांनी मोठं करून करून वाचलं. अक्षरं मोठी झाली, अर्थ तोच राहिला.

तुला कव्हरवर घेतलं त्या दिवशी मला राग आला नव्हता, खरंच. माझे पुढचे दात एकमेकांवर चढलेले, आणि चॅपलच्या छपराच्या दुरुस्तीसाठी रेकॉर्ड खपायला हवी होती. "लिंडे, देवाला तुझा आवाज ऐकू जातो," सिस्टर म्हणाल्या, "पण दुकानात उभ्या असलेल्या माणसाला आधी चेहरा दिसतो." नाव कुणाचंच छापलं नाही, कारण नाव छापलं की गर्व येतो. मी गर्वापासून वाचले. तुझा चेहरा म्हणजेच तो आवाज, असं लोक धरून चालले, आणि तू धरू दिलंस. टीव्हीवर निवेदिका झालीस तेव्हा तुझा फोन आला होता: "लोक समजतात तर समजू दे ना गं. तुला त्या गावात बसून काय फरक पडतो?" मी म्हटलं, काही नाही. मैत्रीण होतीस.

फरक कुठे पडला ते ऐक. आई शेवटच्या आजारात ती रेकॉर्ड मागायची. चौथं गाणं, एकटीच्या आवाजातलं, लागलं की म्हणायची, "माझी लिंडे गाते आहे." नर्स तिची उशी सारखी करत म्हणाली, "नाही हो आजी, या तर टीव्हीवरच्या बाई." मग माझ्याकडे बघून तिनं डोळे मिचकावले, म्हातारीला भ्रम झालाय अशा अर्थानं. आईनं ते पाहिलं. त्यानंतर तिनं रेकॉर्ड मागितली नाही. आनेग्रेट, आता या जगात माझा आवाज फक्त त्या गाण्यात आहे, आणि तिथेही तू राहतेस.

उन्हाळ्यात कॉन्व्हेंट बंद झालं. सामान आवरायला मी गेले होते. संगीताच्या कपाटात ध्वनिमुद्रणाची मूळ टेप निघाली, ती तिथे उरलेल्या शेवटच्या सिस्टरांनी माझ्या हाती दिली. कंपनीला तीच हवी होती, जुन्या तबकड्या खरखरतात म्हणे. तुझी मुलाखत वाचल्यावर दुसऱ्याच सकाळी टेप घेऊन मी गाडीत बसले. म्युनिकच्या स्टुडिओतल्या माणसानं कानांवरचे हेडफोन काढून विचारलं, "चौथ्या गाण्याच्या आधी थोडं बोलणं आहे. कापून टाकू?" मी त्याच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "राहू द्या. दिवंगत सिस्टर कुनिगुंडेंचा आवाज आहे." त्याचे डोळे पाणावले. भला माणूस.

पंधरा सेकंदही नसतील. आधी बाकं सरकल्याचा आवाज, कुणाचं तरी खोकणं. मग आपल्या सिस्टर, जशाच्या तशा: "आनेग्रेट, आधी तोंडातलं गिळ. आणि तू नुसते ओठ हलव, सूर लावू नकोस. लिंडे, बाळ, तू गा." आणि मी गाते.

अल्बम शुक्रवारी निघेल, हे पत्र मी तुला शनिवारी मिळेल असं टाकते आहे. तोवर तुझा फोन वाजायला लागला असेल. कुणाच्या तरी निष्काळजीपणानं ते बोलणं राहून गेलं असं समजून तुला त्या स्टुडिओवाल्यावर चिडता आलं असतं. तेवढंही समाधान मिळू नये म्हणून हे लिहिलं. सोबतच्या खोक्यात रेकॉर्डचं कव्हर आहे, ते तुझं. आतली तबकडी काढून घेतली आहे, ती माझ्या मुलीला, आजीच्या फोटोशेजारी ठेवायला. टेप बिशपांच्या संग्रहालयात जाईल, माझ्या नावानिशी. त्या नर्सचा पत्ता मिळाला आहे, तिला चौथं गाणं मीच पाठवते. आणि प्लमच्या मुरंब्याची बाटली तुला. सावकाश खा. आता गायला कुणी सांगणार नाही.

तुझीच,
गेर्लिंडे
(आता नाव आठवेल.)