थंड कपाळ

प्रिय नोरायरदादा,

तुमच्याकडे माल घेऊन निघालेल्या होव्हिकच्या गाडीतून ही पिशवी पाठवतोय. वर आईने भाजलेली लवाश रोटी आहे, त्याखाली सुकवलेले जर्दाळू, आणि तळाशी गोळ्यांची पाकिटं. ती आईने पाहिलेली नाहीत. फोनवर तू हसतोस आणि विषय बदलतोस, म्हणून लिहायला बसलो. शाळा अर्ध्यात सुटली, पण मी थडग्याच्या दगडांवर नावं कोरतो आणि तिथली चूक खोडता येत नाही, त्यामुळे कागदावरही हात जपूनच चालतो.

इकडे आर्तिकमध्ये थंडी लवकर उतरली आहे. बाबांचा दगड कोरायला घेतलाय, वर्षाच्या आत उभा करायचा आहे. मी सारखा पुसत बसतो म्हणून उस्ताद साको चिडवतात की अरे, तो दगड आहे, नवरी नाही. बाबांचं नाव डावीकडे कोरलं. उजवी बाजू रीतीप्रमाणे आईसाठी कोरी ठेवली. ती रविवारी येऊन त्या कोऱ्या जागेवरून हात फिरवते आणि निघून जाते.

तुला आपला पाहुणा आठवतो ना? वारशाने आलेल्या त्या तापाला बाबांनीच हे नाव दिलं होतं. तुझ्या पोटात उतरायचा, माझ्या गुडघ्यात, त्यांच्या छातीत. बाबा कण्हता कण्हता म्हणायचे, बघा, इस्टेटीची वाटणी झाली, आता भांडू नका. आई आपल्या कपाळांवर हात ठेवायची, चटका बसला की व्हिनेगरच्या घड्या घ्यायला धावायची. दोन-तीन दिवस भाजून काढून पाहुणा आपणहून जायचा. त्याच्यासाठी डॉक्टर बोलवायची पद्धत आपल्या घरात कधी नव्हतीच. गोळ्याही बाबा पाहुणा आल्यावरच घ्यायचे, तहान लागल्यावर विहीर खणावी तशा.

गेल्या हिवाळ्यातल्या त्या सकाळी काय झालं, ते मी तुला नीट सांगितलेलं नाही. बाबांच्या छातीत दुखायला लागलं. घाम फुटला होता. आईने सवयीने कपाळावर हात ठेवला आणि तिचा चेहरा उजळला. ती म्हणाली, "मुशेघ जान, या वेळी ताप नाही. पाहुणा हलका आलाय." आम्हा सगळ्यांनाच बरं वाटलं. बाबांनी तर सिगरेट मागितली. आईने त्यांना रजईत गुंडाळलं, पुदिन्याचा चहा ठेवला. चहा निवायच्या आत ते गेले. तू मातीला आलास तेव्हा सगळं गाव म्हणत होतं, पाहुण्याने नेलं. आपणही तेच म्हणालो.

उन्हाळ्यात माझ्या गोळ्या आणायला ग्युम्रीला गेलो, तेव्हा डॉक्टर नवार्द यांनी बाबा कसे गेले ते विचारलं. मी सांगत गेलो. थंड कपाळापाशी आलो तशी त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, तो पाहुणा नव्हता, ते हृदय होतं. पाहुणा भाजत येतो. पण तो गेला असं आपल्याला वाटतं तेव्हाही तो पुरता जात नाही. तोनिरच्या भट्टीत वर राख दिसते आणि खाली निखारा असतो ना, तसा तो रक्तात धुमसत राहतो आणि वर्षानुवर्षं हृदयाच्या नळ्या खराब करतो. म्हणून गोळी रोज घ्यायची, बरं वाटत असतानाही, आणि सिगरेट सोडायची. रोज घेतल्या असत्या तर बाबा वाचले असते का, असं मी विचारलं. तसं ठामपणे कुणीच सांगू शकणार नाही, असं त्या म्हणाल्या. खोटा दिलासा त्यांनी दिला नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिच्या हाताला ते कळता कामा नये.

आता खरं कारण. काल सिरानुश वहिनीचा फोन आला. बाळाचं सांगितलं, तिकडच्या पावसाचं सांगितलं, मग सहज म्हणाली की परांचीवर तुझ्या छातीत दुखलं, घामाने शर्ट भिजला, घरी येऊन पडलास. आणि वर मलाच धीर दिला, "काळजी नको भावोजी, मी कपाळाला हात लावून पाहिला. अगदी थंडगार होतं." मी लगेच तुला फोन केला, तर तू हसलास. म्हणालास, यंदा पाहुणा तापाची टोपी न घालता आला, आणि मी पुन्हा कामावर आलोसुद्धा. दादा, तो पाहुणा नाही. तू हे वाचशील तेव्हा होव्हिक दाराशी उभा असेल. तुला हृदयाच्या डॉक्टरांपुढे बसवल्याशिवाय त्याने हलायचं नाही, असं त्याच्याकडून वचन घेतलंय. तिथे बाबांचंही सांग, पाहुण्याचंही सांग. उस्ताद म्हणत होते, दगड रुंद घे, घरात दोन मुलगे आहेत, पुढे नावं लागतील. मी मुद्दाम अरुंद घेतला. त्यावर दोनच नावं मावतात.

तुझाच धाकटा, आणि मला धाकटाच राहू दे,
येघिशे