घाटात बसली तशी

रविवार, संध्याकाळ

आज हे आन् मी, दोघंच मोटरसायकलीनं सेमाडोहले गेलो. सासूबाईनं बजावलं होतं, म्हणून मी एकीकडं पाय घेऊन बसली. घाटात यायनंच गाडी थांबवली. "अशी पडशीन. दोन्हीकडं पाय टाक, मले धर." लाज वाटली, पण बसली. लई मजा आली.

परततानी गल्लीच्या आधी उतरून पुन्हा एकीकडं बसाचं ठरलं होतं. गप्पांत दोघंही विसरलो. सासूबाई फाटकातच उभ्या.

"काहून वं, घोड्यावर बसली काय? साऱ्या गल्लीनं पायलं!"

आन् हे गाडीची टाकी पुसत म्हणाले, "म्या नाहीच म्हटलं होतं माय. हिनं आयकलंच नाही."

सासूबाईचं बोलणं नाही लागलं. पण यायनं असं काहून केलं? नववीत शाळा सुटली तवापासून माणसांत माझं तोंड उघडत नाही, हे यायलेच तर सांगतलं होतं. म्हणूनच ढकललं काय माझ्यावर? टाकी पुसतच राहिले, वर पायलंच नाही.

आता खोलीत येऊन हळूच म्हणाले, "मायसमोर तसं बोला लागते. बुधवारी तुले गाडीवर वरूडले नेतो, माहेरी."

मी म्हटलं, "मी एस्टीनं जाईन."