यादीत सगळ्यात वर कोण?

४ सप्टेंबर २००६
वाचनालयाचा कॉम्प्युटर रखडलाय. एक पुस्तक द्यायला ग्रंथपाल वत्सलाबाईंना पाच मिनिटं लागतात. नोटांच्या प्रेसमधून सुटलेल्यांची रांग पार पायऱ्यांपर्यंत. विंडोज काढा, मुक्त लिनक्स बसवा, गुलामी झुगारा, हे भाषण माझंच; मी आलो की तेच पडद्यावर फिरतं ठेवतो. खजिनदार कोंडाजी निकम म्हणतात, लाकडी ड्रॉवर आणि कार्डं परत आणू. माघार? मी हयात असताना? जाहीर करून टाकलं: चोवीस तारखेच्या सर्वसाधारण सभेत दोषी दाखवीन, नाहीतर चिटणीसपद सोडीन.

६ सप्टेंबर
‘टॉप’ लावलं. काळ्या पडद्यावर यादी: कोणतं काम मशीनचा मेंदू, म्हणजे सीपीयू, किती खातंय आणि ते कोणाच्या नावावर आहे. सगळ्यात खादाड सगळ्यात वर. हीच खरी लोकशाही! पण यादी तीन सेकंदांनी बदलते. तेवढ्यात गुन्हेगार इगतपुरी गाठेल. ‘डी’ दाबून मधली वेळ शून्य केली, क्षणाचीही उसंत नाही. आता आकडे नुसते थरथरतात. शत्रूही थरथरत असणार.

९ सप्टेंबर
यादीत माझंच नाव सारखं वर येतंय. सेवकानं असं मिरवू नये. सत्कारातली पहिली रांगसुद्धा मी केव्हाच सोडली. ‘यू’ दाबून फक्त वाचनालयाच्या नावाची कामं ठेवली. यादी स्वच्छ, सगळे शून्याजवळ. मशीन मात्र आणखी मंद. कट आहे.

१३ सप्टेंबर
चार खिडक्यांत टॉप लावलं. एकीतून निसटला तर दुसरीत सापडेल. वत्सलाबाई म्हणाल्या, साहेब, तुम्ही घरी गेलात की बरं चालतं हो. म्हणजे शत्रू माझ्या हालचालींवर नजर ठेवून आहे!

१९ सप्टेंबर
यादीतल्या संशयित कामांना ‘के’ दाबून एकेक संपवलं. आधी प्रिंटर गेला. मग पुस्तकांची नोंदच बंद. लोक अंगावर आले. जेवण जात नाही. कोंडाजी ड्रॉवर पुसत होते, शीळ घालत.

२३ सप्टेंबर
शेवटचा उपाय. प्रोजेक्टर मागवला. उद्या सगळी यादी, सगळ्यांच्या नावांसकट, सभेपुढे. जनता निवाडा करील.

२४ सप्टेंबर, सायंकाळ
सभागृह गच्च. घसा फुटेपर्यंत बोललो. शेवटी गरजलो, सगळ्यात वर ज्याचं नाव असेल, त्यानं या क्षणी चालतं व्हावं! टाळ्या. ‘यू’ दाबलं, एंटर दाबलं, सगळी नावं उघडी केली.
वर पाच ओळी. चार अखंड मोजत बसलेल्या ‘टॉप’च्या, पाचवी माझ्या फिरत्या भाषणाची. पाचही खंडेरावांच्या, म्हणजे माझ्या. मशीन खात होतो तो मी.
 कोंडाजी म्हणाले, भाऊ, तुमच्या चपला डाव्या कोपऱ्यात आहेत.

३० सप्टेंबर
पुस्तक बदलायला गेलो. साधा सभासद म्हणून. वत्सलाबाईंनी क्षणात नोंद केली. म्हणजे माझ्या मोहिमेला अखेर यश आलंच. हे चार शब्दांत सांगावं म्हणून रांगेकडे वळलो, घसा साफ केला.
मागची बाई म्हणाली, काका, बाजूला व्हा. तुमच्यामुळे अडलंय सगळं.