बोटभर झाडांसाठी राखलेली जागा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे सत्तेचाळीस, वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका, अविवाहित, राहणार याच घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही; उलट ज्यांनी ज्यांनी समजावून पाहिले, ते सगळे मी हे लिहू नये म्हणूनच समजावत होते. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. मी बरी होऊन परत येणार आहे असे सर्जन म्हणतात आणि माझाही तोच बेत आहे. पण घरामागच्या मोकळ्या जागेचा निकाल लावल्याशिवाय मी भूल घेणार नाही.

कलम १. बँकेतल्या ठेवीतून आधी रुग्णालयाचे बिल द्यावे. उरेल ते माझ्या भाचीला, म्हणजे थोरल्या भावाच्या धाकट्या मुलीला. घरात तिला भिंगरी म्हणतात. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम २. पुस्तके कॉलेजच्या ग्रंथालयाला. सुकवणीची भट्टी आणि वजनाचा नाजूक काटा प्रयोगशाळेला, मात्र काट्यावर कोणी चहाचा कप ठेवू नये. ठेवतात, मला माहीत आहे.

माझी तारेची चौकट मात्र माझ्या सरांना द्यावी. सर आता खूप थकले आहेत, पण चौकट कशाची आहे ते ओळखतील. मी त्यांची विद्यार्थिनी असताना आम्ही माळावर नमुने गोळा करायला जायचो. सर पुढे, हातात काठी. काठीने दाखवत जायचे, "ही घे. ती घे. ही नको, ही खुरटी आहे." मी विचारले, "सर, खुरटीच जास्त आहेत, ती का नाही घ्यायची?" म्हणाले, "अगं, ती मरायचीच आहेत. जातीची शान दिसेल असं झाड घ्यावं." मग त्या शानदार झाडांचे वजन करायचे, बिया मोजायच्या आणि मोठ्या झाडालाच वंश चालवता येतो असे लिहायचे. आमच्या क्षेत्रातली ही खास आमची चूक. निवडून मोठी घ्यायची आणि मग मोठ्यांचे कौतुक करायचे.

नोकरी लागल्यावर मी तारेची चौकट केली. मागच्या जागेत डोळे मिटून ती टाकायची आणि आत जे येईल ते सगळे कापून, सुकवून वजन करायचे. मोठ्या झाडाला बिया जास्त येतात, हे सरांचे खरेच होते. पण गर्दीत मोठे व्हायला मिळते किती जणांना? चौकटीत बहुतेक सगळी बोटभरच निघाली. उंच गवताने वरचा उजेड अडवलेला, खाली ही. त्यातही उंच जातीचे बोटभर रोप नुसतेच रोप असते. उंची गाठल्याशिवाय ते फुलत नाही, आणि उंचीची वाट पाहता पाहता मरून जाते. बुटक्या जातीचे बोटभर झाड मात्र सावलीत बसल्या बसल्या दोन फुले काढते, एक बोंड धरते. उपाशी असते, पण लेकुरवाळे असते.

हे मी सरांना दाखवले तेव्हा ते बराच वेळ भिंगातून बघत होते. मग म्हणाले, "खुरट्यांचं बरंच मनावर घेतलंस." वर्षभर बोलले नाहीत. त्यांच्यावर माझा राग नाही. चौकट त्यांनी फक्त एकदा डोळे मिटून टाकावी.

कलम ३. घराच्या रस्त्याकडच्या दोन खोल्या माझ्या थोरल्या भावाला. त्याची रोपवाटिका आहे आणि विक्रीला रस्त्यावरची जागा हवी, असे तो किती वर्षे म्हणतो आहे. जिन्याखालची फावडी, कात्र्या आणि पाण्याची नळीही त्यालाच. नाहीतरी नळी त्याच्याकडेच आहे.

कलम ४. उरलेले घर आणि मागची सगळी जागा, कुंपणापासून कुंपणापर्यंत, भिंगरीला. अट एकच: तिथे दहा वर्षे फावडे लावू नये, खत घालू नये, कुंपणाच्या कडेने सावलीची झाडे लावू नयेत. फुले आवडली नाहीत तर खिडकीला पडदा लावावा.

ही अट का, ते लिहिते; नाहीतर लोक म्हणतील आजारपणात डोके फिरले.

मी एकदा परिषदेला गेले होते. परत आले तर दादाने जागा चकाचक करून ठेवलेली. बारीकसारीक सगळे उपटलेले, उरलेल्याला दोन पोती खत. दारात उभा राहून हसत म्हणाला, "बघ, आता कशी बाग वाटते!" वहिनी मागून म्हणाली, "मी सांगत होते यांना, ताईंचा अभ्यास आहे तो." दादा म्हणाला, "अभ्यासाला काय झालं? आता उंच उंच मोजेल." रोपवाटिकेत त्याचे बरोबरच असते. प्रत्येकाला वेगळी कुंडी, खुरटे दिसले की बाहेर. कुंडीत शेजारी नसतात. जमिनीत असतात.

खतावर उंच गवत छातीपर्यंत आले. खाली अंधार. दोन वर्षे माझी बोटभर मंडळी दिसेनाशी झाली आणि दोन वर्षे मी दादाशी फक्त कामापुरते बोलले. मग एक साल कोरडे गेले, उंच गवत आडवे झाले, आणि जमिनीतल्या जुन्या बियांतून ती सगळी पुन्हा वर आली. त्या बिया वरच्या मातीतच असतात. माती उलटली की त्या खोल जातात, आणि मोहरीहून बारीक बीमध्ये तिथून वर येण्यापुरती शिदोरी नसते. म्हणजे फावड्याच्या एका दिवसात सगळे संपते.

भिंगरीलाच का? ती दर रविवारी येते, माझ्याबरोबर उकिडवी बसते, आणि तिला काही सुधारायची हौस नाही. माणसांना झाडांच्या उपमा देण्याचा मला कंटाळा आहे, तेव्हा तिच्या उंचीचा आणि या कलमाचा संबंध कोणी जोडू नये.

हा मसुदा मी दादाला वाचून दाखवला.

"गवताला कोणी वारस नेमतं का?"

"गवताला नाही, भिंगरीला नेमलंय."

"तिला म्हणजे गवतालाच! अगं, तिथं माझी दोनशे मोठी झाडं उभी राहतील."

"म्हणून तर तुला नाही."

"मी कोर्टात जाईन, सांगून ठेवतो. आजारी बाईनं लिहिलेलं टिकत नाही."

"जा," मी म्हटले. तो चहा अर्धा टाकून गेला. मी अटीतला एक शब्दही बदललेला नाही.

कलम ५. आज सह्यांच्या वेळी जोडलेले. दुसरे साक्षीदार म्हणून कॉलेजचे हेडक्लार्क यायचे होते, त्यांना ताप आला. वकीलबाई घड्याळ बघत होत्या. तेवढ्यात दादा आला. रुग्णालयात न्यायची पिशवी वहिनीने भरून दिली होती. त्याने विचारले, "कशासाठी अडलंय? मी करतो सही."

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्हाला नाही करता येणार. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानं साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याचा हिस्सा जातो. तुमच्या दोन खोल्या जातील."

"आणि पुढे मीच कोर्टात उभा राहिलो तर?"

"तुमचीच सही तुमच्यासमोर ठेवतील. बहीण शुद्धीत होती असं तुम्हीच लिहून दिलेलं असेल."

दादा मागच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "द्या पेन."

"दादा, वेडा आहेस का? तुला त्या खोल्या हव्यात."

"हव्यातच. पण तू नसलीस आणि मी या खिडकीशी उभा राहिलो, तर माझा हात फावड्याकडे जाणार. मी ओळखतो मला. आत्ताच बांधून टाक." आणि पेनाचे टोपण काढता काढता, "शुद्धीत आहे म्हणून लिहायचं ना? लहानपणापासून मला शंकाच होती. पण लिहितो."

मी त्याला अडवले नाही. कलम ३ मधल्या खोल्या व अवजारे आता भिंगरीकडे जातील. ते कलम मी खोडलेले नाही. मला त्याला काय द्यायचे होते, ते वाचता आले पाहिजे.

वरील सर्व मी वाचून, समजून, दोघा साक्षीदारांसमोर सही केली.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार पहिले: शेजारचे गुरांचे डॉक्टर. (सही)

साक्षीदार दुसरा: थोरला भाऊ, रोपवाटिकेचा मालक. या मृत्युपत्राने याला काहीही मिळत नाही, हे माहीत असून केलेली. (सही)

स्थळ: राहते घर, मागची खोली
दिनांक: चौदा मार्च