सेकंदाला ४०५० किलोमीटरचा वारा

३ एप्रिल
संकल्प: या महिन्यात काही फोडायचे नाही. मार्चमधला माउस मुळात कमकुवत होता. कागद फाटले, तेही पातळ होते.
डेटा आला. एक दूरची दीर्घिका, मधोमध धुळीत दडलेले कृष्णविवर. इन्फ्रारेड प्रकाश धुळीतून आरपार येतो. १५ मेपर्यंत प्रबंध दिला नाही तर पीएचडी रद्द. देणार.

८ एप्रिल, दु. १२
सापडले! स्पेक्ट्रममध्ये हायड्रोजनची एक रुंद रेषा, दीर्घिकेच्या बाकी रेषांपासून बाजूला सरकलेली. अर्थ एकच: कृष्णविवराने वायू आपल्या दिशेने वाऱ्यासारखा भिरकावला आहे, सेकंदाला ४०५० किमी. मी शांत आहे.

९ एप्रिल
शेजारच्या टेबलावर संगप्पा बसतो. मैंदर्गीचा, माझ्याच बॅचचा. म्हणाला, "कीर्ती, आपल्या हवेचे डाग काढायला डेटा जवळच्या ताऱ्याच्या स्पेक्ट्रमनं भागलास न्हवं? त्या ताऱ्याच्या सोताच्या रेषा आधी काढून टाकल्यास का?"
माझी चेकलिस्ट असते. बघायची गरज नाही. कीबोर्ड जरा जोरात ठेवला. सात कीज निघाल्या. क्वालिटी.

१७ एप्रिल
गाइड सोमशेखर सरांनी विचारले, रेषा नक्की ना? नक्की. प्रबंधातल्या प्रकरणाचे नाव: 'अतिहिंसक वारा'. कपाटाला लाथ लागली. दार आधीच वाकलेले होते.

२ मे, दु. २. ४४ डिग्री, कूलर बंद
संगप्पाने जेवताना विचारले, तुझी दीर्घिका आपल्यापासून लांब कितीनं जाते? ४०५०. आणि तिच्यातला वारा आपल्याकडं? ४०५०. भाकरी चावत म्हणाला, "मंजे वजा होऊन आपल्याला तो जागेवरच की गं. तिथला न्हाय तो. आपल्या जवळच्या ताऱ्याचा हाय, त्यो कुठं पळत न्हाय."
योगायोग असतात.
स्टीलचा डबा हातात होता. फेकला असे म्हणता येणार नाही. सुटला. त्याने कपाळाला टॉवेल दाबला. "नेम बरा हाय. तेवढं तारा बघ."
रिक्षाने नेले. चार टाके. डॉक्टरांनी विचारले, कशाने लागले? संगप्पा म्हणाला, "वारं लागलं. लई जोरात."

४ मे
कपाटामागे चेकलिस्टचे तिसरे पान सापडले. मार्चमध्ये फाडलेले. 'ताऱ्याच्या रेषा काढून टाकणे.' टिक नाही.
काढल्या. वारा गेला.
निष्कर्ष: दीर्घिका अत्यंत शांत आहे.
संगप्पा म्हणाला, अकरा दिवस हायत, शांत म्हणूनच लिहू की. खुर्ची जवळ ओढली. मग माझा डबा उचलून स्वतःच्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावले.