मान आखूड होती

३ जुलै
आजपासून अकोल्याच्या या आयसीयूत आपला स्वतंत्र कारभार. संकल्प: सेंट्रल लाइन, म्हणजे मानेतल्या मोठ्या शिरेतली औषधाची नळी, निव्वळ हाताच्या अंदाजाने घालायची. सोनोग्राफी मशीन भित्र्या लोकांसाठी. पुढच्या महिन्यात अमरावतीच्या कॉन्फरन्समध्ये यावरच बोलणार. स्लाइड्स तयार आहेत, फक्त केसेस बाकी.

४ जुलै, सकाळ
पहिली केस. सहदेवभाऊ, हिवरखेडचे, वांगी-टमाटे पिकवतात. पायाची जखम चिघळली, इन्फेक्शन रक्तात, बीपी लागेना. लाइन तातडीची. सुई घातली तर रक्त लालभडक, उसळून आलं. धमनीत गेली. मान आखूड होती, त्याला मी काय करणार. दाबून धरलं. तरी लिंबाएवढी गाठ आलीच. त्यांच्या मंडळींनी, माणिकबाईंनी, विचारलं, हे काहून सुजलं? म्हटलं, होतं असं.

४ जुलै, दुपार
आता त्याच बाजूला, गळ्याच्या हाडाखालून. सुई गेली, पण जिच्यावरून नळी सरकवायची ती तार जाईना. एक्स-रेत उजवी छाती काळी दिसली. मशीन जुनं असावं. मग ऑक्सिजन उतरू लागला, तेव्हा मशीन चांगलं असल्याचं मान्य केलं. सुई फुप्फुसाला लागून हवा छातीत साठली होती. छातीत नळी टाकावी लागली. नळी मात्र सुरेख बसली.

शेवटी वर्षाली मॅडम आल्या. मला एक वर्ष ज्युनियर. सोनोग्राफीवर बघून मांडीच्या शिरेत लाइन घातली, पहिल्याच झटक्यात, आणि चहाला गेल्या. मांडीत काय, कोणीही घालेल.

६ जुलै
दिवसभर सहदेवभाऊंच्या बेडशी फेऱ्या. मानेची गाठ बघ, छातीची नळी बघ. काळजी नव्हे, फॉलोअप. माणिकबाईंनी विचारलं, वाचतीन ना? हो म्हटलं, आणि रात्रीही घरी गेलो नाही. घरी एसी नाही, म्हणून.

१० जुलै
बीपी सावरलं. छातीतली नळी काढली. आज पोटभर जेवलो. कॉन्फरन्सचा विषय बदलला: 'सेंट्रल लाइनची गुंतागुंत कशी निस्तरावी'. अनुभव भरपूर जमलाय.

१५ जुलै
सहदेवभाऊंना सुट्टी. माणिकबाईंनी सगळ्या वॉर्डासमोर मला शाल, नारळ आणि थैलीभर वांगी दिली. वर्षाली मॅडम शेजारीच उभ्या, त्यांना काही नाही. मी म्हटलं, लाइन यांनी घातली.

माणिकबाई म्हणाल्या, "ह्या बाई आल्या अन् दोन मिनिटांत गेल्या. तुमी किती डाव टोचलं, किती चकरा मारल्या. इतकी मेहनत कोन करते? आता सासूबाईले आनून राहिलो. त्याईच्या मानेत तुमीच टोचजा."

म्हटलं, नको, मॅडमकडेच द्या. माझा हात अजून बसलेला नाही. सहदेवभाऊंना जे भोगावं लागलं ते माझ्यामुळेच.

त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पाहा, एवढं करून गर्व बी नाई मानसाले."

मॅडम हसल्यासुद्धा नाहीत. फार लाज वाटली. वांगी त्यांच्या टेबलावर ठेवून आलो.