पहिला घाट

वडपे, भिवंडी
९ डिसेंबर १९८८

प्रिय बकुळा,

जयभीम. मी बरा आहे, खोकलाही गेला. आईचे डोळे कसे आहेत?

गॅरेजात सर्कशीची राहायची ट्रेलरगाडी आलीय. मधोमध जवळजवळ लावलेल्या चार चाकांवर अख्खं घर, आत स्टोव्ह, पाळणासुद्धा. वजनानं चाकांवरच्या कमानी बसल्या होत्या, म्हणून मी त्यांत जाड पोलादी पाटे घातले. पण घातले ते मागच्याच चाकांना, त्यानं गाडी वर उचलली गेली. आमचे वस्ताद मजीदमिस्त्री, त्यांनी पुढच्या चाकाला पाय लावला, तर ते अधांतरी गरगर फिरलं. सगळा भार मागे! शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं. ते पाना माझ्या हातात ठेवून निघून गेले.

दोन दिवस खपून चारही चाकांना सारखे पाटे बसवले. आता पाय लावला तरी चाक फिरत नाही. सकाळपासून चारदा पाहिलं.

इथली रीत अशी, की ज्यानं कमान बांधली त्यानं पहिल्या घाटात गाडीतच बसायचं. उद्या कसारा.

पाळण्यातल्या पोरीच्या आईनं विचारलं, "भाऊ, उद्या हिला आतच झोपवू ना?" मी हो म्हणालो.

तू दिलेलं घड्याळ खोलीतल्या अय्यूबकडे ठेवून जातोय. धक्क्यानं बंद पडेल म्हणून, दुसरं काही नाही.

तुझा,
यादव